लाइट गेली की सोलरही का जातो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गच्चीवरच्या सोलरबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली काही पत्रे या वेळी घेतली आहेत. बिल कमी करणे आणि लाइट गेल्यावर पंखा चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचे सामानही वेगळे असते. विक्रेते हे क्वचितच सांगतात, म्हणून पहिले उत्तर लांबले आहे.

रो-हाऊसवर ३ किलोवॅट सोलर बसवून वर्ष झाले. बिल घसरले, पण लाइट गेली की भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना सोलरही बंद! विक्रेता म्हणतो, असेच असते. आम्हाला फसवले का? (घणसोली)

यंत्रणेत दोष नाही. विकताना अर्धेच सांगितले गेले. तुमच्याकडे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आहे. तो स्वतःच्या बळावर २३० व्होल्ट उभे करत नाही. रस्त्यावरून येणाऱ्या विजेची लय पकडून तिच्यात आपली वीज मिसळतो. ती लय थांबली की त्याने क्षणात बंद पडायचे, असा सुरक्षेचा नियमच आहे. लाइनमनने फ्यूज काढून तार हातात घेतलेली असताना तुमच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज गेली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच बंद पडली. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. त्या दिवशीही बॅटरी नसलेले ऑन-ग्रिड सोलर उन्हात नुसते उभे होते. लाइट आल्यावरही इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. व्होल्टेज स्थिर आहे का हे काही मिनिटे पाहतो आणि मग जोडला जातो. तेवढ्यासाठी तक्रार करू नका.

अंधाराची सोय हवी असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे ऑन-ग्रिड आहे तसा ठेवून शेजारी साधा घरगुती इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी लावायची. महिन्यातून दोन-चार वेळा तास-दोन तास लाइट जात असेल, तर आमच्या मते हेच पुरे. दुसरा रस्ता हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि रस्त्यावरची वीज तिन्ही सांभाळणारा) आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ५.१२ युनिट मावतात. दहा टक्के तळाशी शिल्लक ठेवा, इन्व्हर्टरची घट वजा करा, की हाताशी ४.१ युनिट उरतात. कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे (मिळून ६० वॅट), चार एलईडी दिवे (४०), राउटर (१२) आणि फ्रिजचे सरासरी ६० धरले तर १७२ वॅट होतात. म्हणजे जवळजवळ चोवीस तास निघतात. त्यातच एक टनाचा एसी लावला, की पावणेचार तासांत बॅटरी रिकामी. एसी नको असेल तर याच्या निम्मी बॅटरीही चालेल.

हायब्रिडमध्ये घोळ होतो तो न्यूट्रलचा. बॅकअपवर घ्यायचे दिवे-पंखे वेगळ्या डीबीत (स्विचच्या पेटीत) काढावे लागतात आणि त्यांचा न्यूट्रलही मुख्य न्यूट्रलपासून तोडावा लागतो. जुन्या वायरिंगमध्ये सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असतात. वायरमन घाईत फक्त फेज वेगळी करतो आणि मग आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) दर तासाला पडत राहतो. काम संपल्यावर मेन स्विच स्वतः बंद करा आणि ठरलेले दिवे-पंखेच चालू राहतात का, ते पाहूनच शेवटचा हप्ता द्या.

आमची १४ मजल्यांची सोसायटी आहे, दोन लिफ्ट, पंप, जनरेटर. कमिटीत २० किलोवॅटचा प्रस्ताव आहे. लाइट गेल्यावर लिफ्ट सोलरवर चालतील का? (सेक्रेटरी, माजिवडा)

नाही, लिफ्ट जनरेटरवरच चालतील. सोलरचा फायदा कॉमन मीटरच्या बिलात दिसेल. २० किलोवॅटला सुमारे २,००० चौरस फूट मोकळी, सावलीविना गच्ची लागते. आपल्याकडे एका किलोवॅटमागे वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट मिळतात, म्हणजे २० किलोवॅटचे २६ ते २८ हजार. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते. तुमच्या बाबतीत ते ३ लाख ६० हजार होते. मात्र पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर असायला हवेत. कोटेशनमध्ये तो शब्द नसेल तर लिहून घ्या.

जनरेटरकडे मात्र नीट लक्ष द्या. ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला जनरेटरची वीज आणि महावितरणची वीज यांतला फरक कळत नाही. लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, की सोलर त्यालाच जाऊन मिळतो. दुपारी दोन लिफ्ट उभ्या असतील तर गच्चीवरून येणारे १५ किलोवॅट जाणार कुठे? उलटे जनरेटरमध्ये. रिव्हर्स पॉवर संरक्षण नसेल तर आल्टरनेटरचे (जनरेटरच्या वीज बनवणाऱ्या भागाचे) नुकसान होते. शिवाय सतत तीस टक्क्यांहून कमी लोडवर चाललेल्या डिझेल इंजिनात काजळी धरते. महागडा उपाय म्हणजे जनरेटरच्या लोडप्रमाणे सोलर कमी-जास्त करणारा डीजी-पीव्ही कंट्रोलर. स्वस्त आणि आमच्या मते पुरेसा उपाय म्हणजे सोलरची एसी केबल चेंजओव्हर स्विचच्या (महावितरण की जनरेटर हे बदलणाऱ्या स्विचच्या) महावितरणकडच्या बाजूला जोडणे. मग जनरेटर सुरू असताना सोलरला तो दिसतच नाही. सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा एकरेषी नकाशा) मागवा आणि हा एक बिंदू बोट ठेवून पाहा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्या पट्ट्यासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या घरात जातो. ५४० वॅटचे एक पॅनेल साधारण २.२८ बाय १.१३ मीटरचे असते, त्यामुळे एका पॅनेलला ३०० किलोने वर उचलू पाहणारा जोर येऊ शकतो, आणि चौदाव्या मजल्यावर त्याहून जास्त. गच्चीत ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) असेल तर अँकर मारून वॉटरप्रूफिंग फोडायचे नाही, म्हणून काँक्रीटचे ठोकळे ठेवतात. ४५ बाय ४५ बाय ३० सेंटीमीटरचा ठोकळा १४५ किलोचा भरतो. दोन पॅनेलला मिळून एक ठोकळा असे कोटेशन दिसले, तर तो हिशेब मागे पाठवा. दुसऱ्या बाजूने, सगळे वजन शेवटी स्लॅबवरच येते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवी, आणि ती विक्रेत्याच्या माणसाची नको, सोसायटीने नेमलेल्याची हवी. कठड्याभोवती, टाकीकडे आणि लिफ्टच्या मशीनरूमकडे मीटरभर वाट मोकळी सोडा. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करून घ्या. वरच्या मजल्यावरचे सभासद गच्ची आपलीच समजतात.

विक्रेत्याने मे महिन्यात येऊन पाहणी केली आणि टाकीची सावली पडत नाही असे लिहून दिले. डिसेंबरात दोन पॅनेल सकाळभर सावलीत आहेत. (नेरूळ)

मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी पाहणी केली तर कुठल्याच टाकीची सावली सापडणार नाही! २१ डिसेंबरला ठाण्या-नेरूळच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य ४७ अंशांवरच चढतो. ३ मीटर उंच टाकीची सावली तेव्हा पावणेतीन मीटर पडते, आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास साडेपाच मीटर. पाहणी कोणत्याही महिन्यात झाली तरी आराखडा डिसेंबरच्या सावलीवरच काढायचा असतो.

आता उपाय. एका स्ट्रिंगमधली सगळी पॅनेल माळेसारखी जोडलेली असतात, त्यामुळे सावलीतली दोन उरलेल्यांनाही ओढतात. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीतल्या भागाला वळसा देऊन थोडे सावरून घेतात. जागा असेल तर ती दोन पॅनेल हलवा. नसेल तर फक्त त्या दोघांना ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलला वेगळे चालवणारी डबी) लावा, सगळ्यांना नको. मात्र तुमच्या इन्व्हर्टरला असे अर्धवट लावलेले चालतात का, हे कंपनीला विचारा.

३ किलोवॅट घेतले, ॲपमध्ये कधीच ३ दिसत नाही. (खारघर)

दिसणारही नाही. ३ किलोवॅट हा २५ अंश तापमानाला प्रयोगशाळेत मोजलेला आकडा आहे. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांवर जाते आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट होते, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. थोडे धुळीत, थोडे इन्व्हर्टरमध्ये. उन्हाळ्यात २.३ ते २.५ दिसले की समाधान माना. दिवसाला सरासरी ११ युनिट धरा. जुलै-ऑगस्टमध्ये ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात.

आमचे सात मजली बिल्डिंग. माझा इन्व्हर्टर गच्चीवर आहे, मीटर तळमजल्यावर. ऐन बारा ते दोनमध्ये ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. सकाळ-संध्याकाळ ठीक चालतो. (कोपरखैरणे)

आमचा संशय केबलवर आहे. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. गच्चीपासून मीटररूमपर्यंत ६० मीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तांबे. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलला तिथे सात व्होल्टहून जास्त लागतात. पाणी वर चढवायला दाब लागतो तसेच हे आहे. वीज मीटरकडे ढकलायची तर इन्व्हर्टरला आपल्या टोकाला व्होल्टेज तेवढे वाढवावे लागते. मीटरवर दुपारी २४७ असेल तर इन्व्हर्टरपाशी २५४ होतात, आणि २५३ ओलांडले की तो सुटतो. सकाळी प्रवाह कमी, म्हणून वाढही कमी.

खात्री करून घ्या. ऐन दुपारी, इन्व्हर्टर चालू असताना, वर आणि खाली दोन माणसांनी दोन मल्टिमीटरने एकाच वेळी मोजायचे. फरक पाच-सातच्या पुढे असेल तर केबल बारीक आहे किंवा एखादा न्यूट्रलचा जोड ढिला आहे. आधी जोड आवळा, त्यात पैसे लागत नाहीत. १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली की हीच वाढ तीन व्होल्टवर येते. दुसरा उपाय म्हणजे इन्व्हर्टरच मीटररूमजवळ आणायचा आणि गच्चीवरून डीसी केबल उतरवायची. डीसीच्या घटीमुळे इन्व्हर्टर ट्रिप होत नाही. पण फरक दोनच व्होल्ट असेल आणि खालीच २५२ असतील, तर दोष रोहित्राकडचा (ट्रान्सफॉर्मरकडचा). महावितरणकडे व्होल्टेज जास्त असल्याची लेखी तक्रार करा, रोहित्राचा टॅप बदलता येतो. काही वायरमन इन्व्हर्टरमधली मर्यादाच वाढवून देतात. तसे करू देऊ नका. तुमच्याबरोबर शेजाऱ्यांचे टीव्हीही ते जादा व्होल्टेज सोसत असतात.

पावसाळ्यात सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’ येतो. अकराला ऊन पडले की आपोआप सुरू. खाडी जवळ आहे, बोल्टही गंजलेत. (ऐरोली)

कुठेतरी डीसी वायर ओली होऊन फ्रेमला किंवा अर्थिंगला टेकते आहे. वाळली की फॉल्ट जातो. गुन्हेगार ठरलेले आहेत. गच्चीवर लोळणारा एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा प्लग), खाली छिद्र न ठेवल्याने पाण्याने भरलेला केबलचा पाइप आणि उंदरांनी कुरतडलेली केबल.

सापडवायची एक सोपी रीत आहे, पण ४०० व्होल्ट डीसी जिवावर बेतते, म्हणून काम जाणकार वायरमनचेच. फॉल्ट असतानाच जायचे. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद. मग स्ट्रिंगचे प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ असे दोन आकडे मोजायचे. निरोगी स्ट्रिंगमध्ये दोन्ही आकडे हळूहळू शून्याकडे जातात. समजा आठ पॅनेलच्या स्ट्रिंगमध्ये प्लसकडून ३०० आणि मायनसकडून १०० वर काटा स्थिर राहिला. एक पॅनेल साधारण ५० व्होल्टचे, म्हणजे मायनसकडून दोन पॅनेल सोडून जो जोड आहे, तिथेच पाणी आहे.

तो कनेक्टर हातात घेऊन पाहा. काळ्या प्लास्टिकवर तपकिरी छटा, आतल्या पिनवर हिरवा गंज, किंवा दोन अर्धे दोन कंपन्यांचे. शेवटचे सर्वांत वाईट. दिसायला एकसारखे असले तरी आतली पकड मिलिमीटरच्या अंशाने वेगळी असते. जोड तापतो, वितळतो आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. दोन्ही अर्धे कापून एकाच कंपनीचे नवे लावा. पिन पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंग टूलच वापरा. जोडताना ‘टक्’ आवाज यायलाच हवा. मग जोड केबल-टायने पॅनेलच्या खाली, जमिनीपासून वर बांधा.

बोल्टांबद्दल. खाडीकाठी स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे ८० मायक्रॉन जस्ताचा थर असलेले, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, एसएस ३१६ चे मागायला हवे होते. साइटवर कापून वेल्डिंग केले की त्या जागेचे जस्त जळते आणि गंज तिथूनच सुरू होतो. गंजलेले बोल्ट पाऊस संपताच बदला, वेल्डिंगच्या जागा घासून झिंक-रिच रंग द्या.

आयातीपेक्षा (घेतलेल्या युनिटपेक्षा) निर्यात (परत पाठवलेली युनिट) जास्त झाली, तरी बिल आलेच. (वाशी)

स्थिर आकार सोलरने जात नाही. उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला खाते बंद होते. त्या दिवशी शिल्लक असलेली युनिट वीजकंपनी ठरलेल्या दराने घेते, आणि तो दर तुम्ही मोजता त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून वीज विकण्याचे बेत करू नका. शिवाय घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. महिन्याला ४०० युनिट जाळणाऱ्याचे आधी महागडे टप्पे वाचतात. ज्याचा वापर १०० युनिटांच्या आत आहे, त्याने थांबले तरी चालेल.

घरी १२ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. त्यालाच एक पॅनेल जोडता येईल का? (कळवा)

येईल, आणि छोट्या घराला हे चांगले. या बॅटरीला १५ ते २० अँपिअरने चार्जिंग मानवते. २० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे २८० वॅट, तेव्हा ३३० वॅटचे एक पॅनेल पुरे. चूक होते ती कंट्रोलरमध्ये. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्जिंग सांभाळणारी ही डबी. दुकानदार स्वस्त, पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर आणि ५४० वॅटचे मोठे पॅनेल गळ्यात मारतो. पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्या १३ व्होल्टवर ओढून आणतो. १३ अँपिअर गुणिले १३, हातात आले १७० वॅट. बाकीचे पैसे गच्चीवर उन्हात वाळत पडतात. पॅनेलची पूर्ण ताकद काढणारा एमपीपीटी कंट्रोलरच घ्या. बॅटरीच्या प्लसवरून कंट्रोलरकडे जाणाऱ्या तारेत, टर्मिनलपासून वीतभर अंतरात, ३० अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना उलटे.

गळतीसाठी गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे. तिच्यावरच पॅनेल बसतील? बिल्डिंग पुनर्विकासाला जाण्याची बोलणी आहेत. (नौपाडा)

पॅनेल २८ किलोचे असते, वजनाची अडचण नाही. पण आता पत्रा आणि पॅनेल दोघांनाही वारा एकत्र उचलेल, आणि शेडचे खांब बहुधा कोब्यावर नुसत्या प्लेटने टेकवलेले असतात. खांब कॉलमच्या डोक्यावर आहेत का, ते आधी पाहा. पॅनेलची चौकट पत्र्याच्या स्क्रूवर न टेकवता खालच्या पर्लिनला (पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्टीला) धरली पाहिजे. पत्र्याला पडलेल्या प्रत्येक छिद्रात ईपीडीएम रबराचा वॉशर हवा, नाहीतर ज्या गळतीसाठी शेड घातली तीच परत येईल.

पुनर्विकासाचे म्हणाल तर पॅनेल आणि इन्व्हर्टर उतरवून नेता येतात. स्ट्रक्चर, केबल, अर्थिंगचे खड्डे आणि मजुरी मात्र गेली. विकासकाबरोबर करारनामा झाला असेल तर आत्ता बसवू नका. नुसती बोलणी असतील, तर नौपाड्यात ती किती वर्षे चालतात हे तुम्हालाच ठाऊक.

अर्ज करताना अडते कुठे? (पाचपाखाडी)

बहुतेक वेळा नावात. बिल आधीच्या मालकाच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर असते आणि बँक खाते तुमच्या. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, मग ‘पीएम सूर्यघर’च्या पोर्टलवर अर्ज करा. १० किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक तपासणीसाठी थांबावे लागत नाही आणि मंजूर भारही वाढवून मिळतो. घरासाठी अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे कमाल ७८,००० रुपये. ते नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागून यंत्रणा सुरू झाल्यावर तुमच्या खात्यात येते, विक्रेत्याच्या नाही. ‘अनुदान वजा करून एवढेच द्या’ म्हणणाऱ्याला आधी हिशेब कागदावर मांडायला सांगा.

पॅनेल किती दिवसांनी धुवायचे? (तुर्भे)

शेजारी बांधकाम किंवा औद्योगिक पट्टा असेल तर दहा दिवसांनी, एरवी पंधरा-वीस. सकाळी आठच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. टाकीचे साधे पाणी आणि मऊ मॉप वापरा, साबण नको. बोअरचे पाणी असेल तर काच पुसून कोरडी करा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग कायमचे बसतात. कबुतरांची शीट मात्र दिसली त्याच दिवशी काढा. काचेवरच्या त्या एका ठिपक्याखालचा सेल तापतो. पॅनेलखाली घरटी होऊ नयेत म्हणून कडेने जाळी लावा आणि पॅनेलवर पाय देऊन कोणालाही चढू देऊ नका.